गिरजाबाईची रेघ

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायको होती तोवर तिच्याजवळ नाही, पोरांजवळ तर नाहीच नाही. तुमच्याजवळ बोलतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर ज्या गोष्टीसाठी ओळखता तीच खोटी आहे. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी. मधात थांबेन. थांबलो की समजा, पुढचं जड आहे.

अकोल्यात माझा कारखाना आहे. आता पोरं पाहतात. आम्ही हायड्रॉलिक प्रेस बनवतो — दगडी कोळसा फोडायची, अन् जुनं सिमेंट-काँक्रीट फोडून आतली सळई मोकळी करायची. अवजड, काळं, कुरूप यंत्र. पण सगळ्या वराडात लोक त्याला माझ्या नावानं ओळखतात. वरचा दात सावकाश खाली येतो, मालाचे दोन तुकडे करतो अन् चुरा पाडत नाही. खाली लोखंडी बेडमधे एक खोल खाच असते, माल उभा बसावा म्हणून. अन् त्या खाचेच्या तळाशी एक रेघ. बोटाएवढी जाड. आमच्या प्रत्येक प्रेसमधे असते ती रेघ, अन् तिचं काहीच काम नाही.

मागच्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका कॉलेजात मला बोलावलं होतं. तिथे आवारात माझी एक प्रेस आहे, जुने काँक्रीटचे ठोकळे फोडायला. शाल दिली, नारळ दिला, माईक दिला. मी नेहमीची गोष्ट सांगितली. मी मोर्शीकडचा, लहानपण संत्र्याच्या बगिच्यात गेलं. संत्रं कसं फोडतो आपण? मुठीत दाबलं तर रस निघते. देठापाशी अंगठा घातला तर फोडी आपोआप सुट्या होतात. त्यावरून मला दात सुचला, असं म्हणालो. लय टाळ्या पडल्या. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की कधीकधी मलाच तो बगिचा दिसते.

मग सगळे प्रेसपाशी आले. एक पोरगी वाकून खाचेत पाहत होती. म्हणाली, "आजोबा, ही रेघ कशाची?"

"निशाणी आहे बेटा. माल मधात बसावा म्हणून."

"पण ती मधात नाहीये. तिरपी आहे."

मी शाल सावरली.

तर, ती तिरपी काहून आहे — ते सांगायचं आहे.

तरुणपणी मी अकोल्यात एका जिनिंगमधे होतो, कापसाच्या गठाणी बांधायच्या प्रेसवर. काय दिवस होते ते! हंगामात बैलगाड्यांची रांग पार सडकेपर्यंत. हवेत सरकीचा वास, अन् अंगावर, नाकात, भुवयांत कापूस. घरी गेलो की माय म्हणायची, "आला का बाप्पा म्हातारा होऊन?" मोठा सपाट पाट खाली यायचा अन् डोंगराएवढ्या कापसाची चौकोनी गठाण व्हायची. ती प्रेस बिघडली तर मी दुरुस्त करायचो. कोणी शिकवलं नव्हतं. कान लावून ऐकायचो, कुठं तेल गळते, कुठं दाब जाते. शहरातून आलेला फिटर जे तीन दिवसांत करायचा ते मी सकाळच्या चहापर्यंत करायचो, अन् हे सगळ्यांना ऐकूही जाईल असं सांगायचो.

जिनिंगला लागूनच आमच्या शेठची तेलाची गिरणी होती. तिच्या बॉयलरला कोळसा लागायचा. वॅगनीतून यायचे ते ढेकळं एवढाले की दोघांना उचलत नाही. अन् बॉयलरला पाहिजे संत्र्याएवढे. मोठा टाकला तर जळत नाही, चुरा टाकला तर जाळीतून खाली पडते. म्हणून अंगणातल्या कडुलिंबाखाली पाच बाया दिवसभर हातोडीनं कोळसा फोडायच्या. गिरजाबाई त्यांच्यातली मोठी. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. रिद्धपूरकडची, महानुभाव घरची. येताना-जाताना सगळ्यांना दंडवत म्हणायची — शेठलाही, हमालालाही, मलाही. मला म्हणायची प्रेसवाले भाऊ.

दुपारी मी तिकडे जेवायला जायचो. लिंबाखाली थंड असायचं. भाकर, ठेचा, कांदा. त्या बायांचे काळे हात अन् पांढरी भाकर मला अजून दिसते. हसायच्या किती! त्या अंगणासारखी सावली मला नंतर कुठं मिळाली नाही. आता तिथं मंगल कार्यालय आहे.

शेठ एकदा म्हणाला, फोडायला मशीन असती तर? मी म्हणालो, मी करून देतो. जिनिंगच्या भंगारातून एक जुना सिलिंडर घेतला, पंप जोडला, चौकट उभी केली. अन् खाली-वर लावले दोन सपाट पाट — गठाणीच्या प्रेसला असतात तसे. जन्मभर कापूस दाबलेला माणूस मी. दाबायचं म्हणजे सपाट दाबायचं, दुसरं डोक्यात येणार कुठून? कापसाची सवय कोळशाला लावली.

पहिल्या दिवशी सगळी गिरणी पाहायला आली. पाट खाली आला. कोळसा कडाडला, तुकडे अंगावर उडाले अन् बाकीचं झालं पीठ. काळं, बारीक पीठ.

"प्रेसवाले भाऊ," गिरजाबाई लांबून ओरडली, "चक्की काढली का? उद्या गहू आनतो मी दळाले!"

बाया पोट धरून हसल्या. मीही हसलो — वरवर. तीन दिवस मी त्या लिंबाखाली जेवायला गेलो नाही. दाब कमी केला, जास्त केला, पाट जाड केला. पीठ ते पीठच. शेठ म्हणाला, उद्या नाही जमलं तर काढून घे.

चौथ्या दिवशी दुपारी मी मशीनपाशी एकटा बसलो होतो. ती आली. पदरानं हात पुसले अन् माझ्यासमोर एक ढेकूळ उलटंपालटं केलं. कोळशात थर असतात. वहीची पानं असतात तसे, एक चमकदार, एक मळकट. ते मी हजार वेळा पाहिले होते, अन् एकदाही पाहिले नव्हते.

"त्याले निजवून कायले दाबता, भाऊ? निजल्यावर सारे पानं एकावर एक राह्यते. उभा करा ना त्याले. उभ्याले नुसतं टोचलं तरी दोन होते."

ढेकूळ तिनं उभं धरलं, थरांच्या मधून वरच्या धुळीत बोटानं एक रेघ ओढली, थोडी तिरपी, थर जसा गेला होता तशी. अन् त्या रेघेवर हातोडीचं टोक ठेवून हलकेच एक ठोका दिला. दोन झाले. चिमूटभरही चुरा नाही.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "ते ठाऊक आहे मले."

तेव्हाच समजायला पाहिजे होतं मी कसा माणूस आहे ते.

त्याच दिवशी वरचा पाट काढून पोलादी दात बसवला. दुसऱ्या दिवशी शेठ आला. मी ढेकूळ उभं धरलं, तिनं सांगितलं तसं, दात खाली आला, टक् करून दोन झाले. शेठनं मशीनवर हात फिरवला. विचारलं, "हे डोकं कोणाचं?"

गिरजाबाई सात-आठ पावलांवर उभी होती. मी म्हणालो, "माझं."

तिनं पदर नीट केला अन् कामाला लागली.

इथवरचं खोटं बरेच लोक बोलतात. इथवरच असतं तर मी हे सांगितलं नसतं — कोणी सांगतं का एवढ्यासाठी? पण ती लिंबाखाली गेल्यावर शेठनं पुढं विचारलं. म्हणाला, मशीन आली तर चार बायांचं काम नाही, त्यांना सरकीच्या गोदामात लावतो. पण ढेकूळ उभं लावून द्यायला कोणी समजदार पाहिजे. गिरजाबाईला मशीनवर ठेवू का? तिचा हात बसलेला आहे.

किती साधी गोष्ट. हो म्हणायचं होतं. तिला अंगणातलं ऊनवारं सुटलं असतं, हातोडी सुटली असती. तिला मान मिळाला असता. पण मी काय पाहिलं सांगू? मी पाहिलं की ती रोज मशीनपाशी उभी राहणार. रोज बोटानं रेघ ओढणार. रोज कोणीतरी पाहणार की ही बाई दाखवते अन् हा दाबते.

मी म्हणालो, "मशीनले अक्कल दिली आहे शेठ. माणूस कोणताही चालते. अन् ती बाई तोंडाची लय आहे — मशीनपाशी लक्ष नाही राहणार. गोदामातही नको, बाकीच्या बायांना हसवत बसते."

हे मी बोललो. मी. ज्या हसण्यासाठी मी दुपारची वाट पाहायचो, तेच तिच्या नावावर मांडलं.

चार बाया गोदामात गेल्या. गिरजाबाई गावी गेली. जाताना मला दंडवत म्हणाली.

मग मशीनवर जो माणूस लावला त्याला थर समजेनात. ढेकूळ आडवं ठेवायचा, पुन्हा पीठ. शेठ माझ्याकडे पाहू लागला. मी घाबरलो. आठ दिवस डोकं फोडून बेडमधे ती खाच केली. खाचेत चपटं ढेकूळ घसरलं की आपोआप उभं राहते, कोणीही टाकलं तरी. त्या खाचेची आज तारीफ होते. शिकलेले इंजिनीअर माप घेऊन जातात. पण मी ती कोळसा उभा राहावा म्हणून केली, की त्या बाईला परत बोलवावं लागू नये म्हणून? तुम्हीच पाहा.

लोखंड ओतायला खाचेचा लाकडी साचा मी स्वतः कोरला. तळाशी पटाशीनं एक तिरपी रेघ काढली. काहून काढली, ते मला आजही सांगता येत नाही. साचे पुढे बदलले, रेघ मी राहू दिली.

आणखी एक आहे. तेही सांगून टाकतो.

पुष्कळ वर्षांनी, माझा कारखाना झाल्यावर, सिमेंटचं काम आलं. पाडलेल्या इमारतींचे तुकडे, मोडलेले विजेचे खांब. माझा दात कोळशाला चालायचा, सिमेंटला चालेना. मधात रुतून बसायचा, सिलिंडरचं सील फाटायचं. सिमेंटमधे थरच नाहीत, उभं करून काय फायदा? त्याच दिवसांत कोणी सांगितलं की गिरजाबाई चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते, भावाच्या शेतातली. मी एसटीत बसलो. सगळी वाट मी मनाशी म्हणत होतो, माफी मागायला चाललो.

पण माफी मागायला जाणारा माणूस पिशवीत काँक्रीटचा तुकडा घेऊन जातो का?

वांगी, मेथी अन् झेंडूच्या ढिगामागे बसली होती. केस पांढरे. मला पाहून उठली, पोतं झटकून अंथरलं. "दंडवत प्रेसवाले भाऊ! लय सुकले तुमी. मशीन बरी आहे ना?" — गोठ्यातल्या गाईची चौकशी करतात तशी. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "माह्या मनात काही नाही हं. शेठनं काढलं मले, तुमी काय करसान त्याले?"

तिला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती शेठला दोष देत होती.

मी खाली पाहिलं. अन् पिशवीतून तुकडा काढला.

तिनं तो हातात घेतला, फिरवला, अंगठा लावून पाहिला. "यात त देवानं पानंच नाही टाकले. मंग काठावून घ्या. गुळाची भेली कोनी मधातून फोडते का? कोपरा धरून थोडं थोडं." तुकडा परत दिला, वर दोन वांगी टाकली पिशवीत. अन् हसून म्हणाली, "यालेबी तुमचंच नाव लावजा."

टोमणा होता का तो? असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. माझ्या मशीनवर माझं नाव, एवढंच तिला म्हणायचं होतं.

मी परत आलो. बेड सरकता केला, दात काठावर आणला. सिमेंट फुटलं. सळई मोकळी निघाली. नावाची पाटी लावली — माझी.

त्यानंतर मी चांदूर बाजारला गेलो नाही. कोणाच्या तरी तोंडून कळलं की आता ती नाही.

कॉलेजातल्या त्या पोरीनं बरोबर पाहिलं होतं. ती रेघ निशाणी नाही. एका उभ्या धरलेल्या ढेकळावर गिरजाबाईनं बोटानं ओढलेली ती रेघ आहे, थर जिकडे गेला तिकडे गेलेली. संत्र्याचा बगिचा होता, पण त्यानं मला काही शिकवलं नाही. दात तिचा, काठ तिचा. अन् तिला शेठनं काढलं नाही.

मी काढलं.