तुरीच्या डब्यातला नकाशा

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्हाला माझ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात एक घडी घातलेला कागद दिसला आणि तुम्ही हसत सुटलात. म्हणून हे लिहिते.

जळोचीतल्या आमच्या देवळाचे राखणदार तात्या गळ्यात शिट्टी घालतात आणि दर सोमवारी देवाच्या दागिन्यांचे फोटो काढून ठेवतात. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "कागद हाय का?" देवळात चोरी झाली किंवा उंदीर लागले तरी कागद वाचावेत, म्हणून त्यांनी जागेच्या नकाशाच्या शिक्का मारलेल्या प्रती तीन घरांत ठेवल्या आहेत. त्यातलं एक घर माझं.

गेल्या महिन्यात शेजारच्या मळ्याच्या मालकाने देवळाच्या अंगणातच कुंपणाचे खांब रोवायला घेतले. गावातल्या चौघांनी काठ्या उचलल्या. राखणदारांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना खाली बसवलं आणि तडक माझ्या दारात आले. "बाई, डाळ वता!"

मग नकाशा झटकून त्यांनी मालकापुढे धरला. "बघा राव, हद्द हितं हाय. आन् खाली सही तुमच्याच आबांची."

मालकाने वाकून वडिलांची सही ओळखली. "तात्या, ह्यो कागद कुठं व्हता?"

"तुरीत. आता बाईंचा च्या घ्या, खांब काढा, आन् काढले म्हणून हितं लिवून द्या."

त्याने लिहून दिलं. तोही कागद माझ्याकडेच आला.

देवळाचं अंगण अजून मोकळं आहे, आणि नकाशा पुन्हा डाळीत आहे.