कार्डावरची वेळ

कडीभाऊंना मी पहिल्यांदा हात उचलताना पाहिलं तो माझ्या नोकरीचा तिसरा दिवस होता. लायनीत घुसणाऱ्या एका धिप्पाड माणसाचं त्यांनी बकोट धरलं आणि त्याचं तोंड लोखंडी कठड्यावर आपटलं. दात खाली पडला. कडीभाऊंनी तो बुटाने बाजूला सारला आणि मागच्या माणसाला म्हणाले, "चला, सरका पुढे."

या बागेत मी आकाशपाळणा चालवते. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, हिरवं बटण दाबायचं, चार मिनिटांनी फेरी संपवायची. खाली फाटकावर कडीभाऊ असायचे. बाजूच्या छोट्या फाटकाच्या कडीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे, म्हणून हे नाव पडलं.

ते छोटं फाटक अपंगांसाठी. लायनीला पन्नास मिनिटं लागणार असतील, तर खुर्चीतून आलेल्या माणसाच्या कार्डावर पन्नास मिनिटांनंतरची वेळ लिहायची. तोवर त्याने शेडखाली बसायचं आणि वेळ झाली की आत यायचं. थांबायचं सगळ्यांनी सारखंच, फक्त त्याला उभं राहावं लागत नाही. पण लायनीतल्यांना दिसायचं ते एवढंच, की आपण तासभर तंगड्या मोडतोय आणि कोणीतरी आत्ता येऊन थेट आत गेलं.

कडीभाऊ कार्डवाल्यांनाही सोडत नसत. "कार्डावर तीन वीस आहे, मावशी. आत्ता तीन दहा," म्हणून परत पाठवायचे. पाळणा बंद पडला, तर तेवढी मिनिटं कार्डावरही वाढवायची, हा नियम तर त्यांनीच काढलेला. मला त्याचा भयंकर राग यायचा.

"दहा मिनिटांनी काय बिघडतं हो?" मी एकदा विचारलं.

"आज दहा सोडली, तर उद्या त्या मावशीला कोणी फुकटी म्हणेल, आणि माझ्याकडे उत्तर नसेल."

त्या दिवशी पट्टा सरकला आणि पाळणा पस्तीस मिनिटं बंद राहिला. खुर्चीतली एक कॉलेजची मुलगी आईबरोबर शेडखाली थांबली होती. कडीभाऊंनी तिच्या कार्डावरची वेळ खोडून पस्तीस मिनिटं पुढची लिहिली. ती हसून म्हणाली, "काका, आमच्या परीक्षेलासुद्धा एवढं कडक नसतं."

नव्या वेळेला ती बरोबर हजर झाली. कडी उघडली, ती आत आली. मी नुकतीच फेरी सुरू केली होती. पुढच्या फेरीत बसायची तयारी म्हणून ती दांडा धरून खुर्चीतून उठली.

"अरे, ही तर उभी राहतेय," लायनीतला चौकडीच्या शर्टातला माणूस ओरडला. "नाटक करून घुसतेय."

लायनीच्या दोरीवरून उडी मारून त्याने तिचे केस धरले आणि मागे ओढलं. तिचा जबडा लोखंडी पायरीवर आदळला. पुढच्या क्षणी कडीभाऊंनी त्याचं नाक फोडलं. तो आवाज मला काचेतून ऐकू आला.

मग लायनच तुटून अंगावर आली. उन्हात दीड तास तापलेले बापे, बाया, सगळे. कडीभाऊ मुलीवर वाकले आणि पाठीवर लाथा झेलत राहिले. दोरीचे लोखंडी खांब उपटले गेले. एकाने खांबाच्या तळाची जड तबकडी त्यांच्या गुडघ्यावर घातली. मग दुसऱ्यांदा, त्याच गुडघ्यावर. एका बापाने पोराला नीट दिसावं म्हणून खांद्यावर घेतलं होतं.

वर माणसं असताना केबिन सोडायची नाही, हा नियम. पण लाल बटण माझ्या हाताशी होतं. ते दाबलं असतं तर पाळणा जागच्या जागी थांबला असता, घंटा वाजली असती, सगळ्या माना वर गेल्या असत्या. वर त्यांचीच माणसं होती. माझ्या आधीच्या बाईला विनाकारण लाल बटण दाबलं म्हणून घरी बसवलं होतं. मी नोकरीला घाबरले. घड्याळाकडे बघत चार मिनिटं पूर्ण केली. ती चार मिनिटं मी अजून गिळू शकलेले नाही.

मुलीच्या जबड्याला टाके पडले. कडीभाऊंचा गुडघा गेला आणि त्याबरोबर नोकरीही.

नऊ महिन्यांनी ते आले. खुर्चीत बसून, वहिनी मागून ढकलत होत्या. फाटकावरच्या नव्या माणसाने कार्डावर चार वाजून पाच मिनिटांची वेळ लिहिली. ते शेडखाली जाऊन बसले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि मलाही मान वर करवत नव्हती.

चार पाचला ते छोट्या फाटकाशी आले. पाळणा फिरत होता.

"आजकाल जो तो खुर्चीत बसून येतो," लायनीतला टोपीवाला म्हणाला. टोपीवाल्याने खुर्चीच्या चाकाला लाथ घातली. वहिनी मध्ये पडल्या, तर त्यांना ढकलून दिलं. मागे कोणीतरी खांब उचलला.

मी लाल बटण दाबलं.

घंटा वाजली. पाळणा गचका खाऊन थांबला आणि वर रडारड सुरू झाली. सगळ्या माना वर गेल्या. मी माईक घेतला.

"खांब खाली ठेवा. त्या खुर्चीपासून दहा पावलं मागे व्हा. तोवर वरचं एकही माणूस खाली येणार नाही."

"अहो, माझी बायको आहे वर," टोपीवाला म्हणाला.

"मग तुम्ही वीस पावलं मागे व्हा."

खांब खाली ठेवला गेला. लोक मागे सरकले. वहिनी उठल्या, खुर्ची सरळ केली. नव्या माणसाने घाईघाईने कडी उघडली.

कडीभाऊ आत गेले नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि कार्ड त्याच्यापुढे धरलं.

"पाळणा बंद पडलाय. वेळ वाढव."

"किती वाढवू, काका?"

"ते ताईंना विचार."

मी तपासणी केली, वरच्यांना उतरवलं, लायन पुन्हा लावली. अकरा मिनिटं गेली होती. कार्डावर चार सोळा लिहिलं गेलं आणि कडीभाऊ सगळ्यांच्या देखत शेडखाली जाऊन बसले.

चार सोळाला ते आले, तेव्हा टोपीवाल्याने स्वतःहून छोटं फाटक धरून ठेवलं होतं. "हात काढा," कडीभाऊ म्हणाले, आणि कडी त्यांनी स्वतः उघडली.