बेटावरचा झिरा

भीमेच्या पात्रात, मोहोळच्या बाजूला, दहा-बारा झोपड्यांचं कोळ्यांचं बेट होतं. तिथली गोजरबाई बोलायची कमी, पण एकदा मनात धरलं की सोडायची नाही. नवरा गेल्यावर होडी तिचा मुलगा जोतीराम चालवायचा.

एकोणीसशे सव्वीसच्या हिवाळ्यात काठावरच्या कोंडीबा पाटलानं अंबाडीचे भारे वाखासाठी कुजवायला नदीत टाकले, तेही नेमके बेटाच्या वरच्या अंगाला. पाणी काळं पडलं. त्यात धुतलेलं लुगडं नेसलं की अंगाची आग व्हायची. गोजरबाई सांगायला गेली, घरात सून बाळंत आहे, भारे खालच्या अंगाला हलवा. पाटील ओट्यावर सुपारी कातरत होता.

"नदी काय तुज्या बापाची हाय?" एवढंच तो म्हणाला.

बाळंतिणीची धडुती त्याच पाण्यात धुवावी लागली. सून सोनाबाई तापानं फणफणली आणि बारशाआधीच गेली; बाळ तेवढं वाचलं. लोक म्हणाले, नशीब. गोजरबाई म्हणाली, अंबाडी.

सुतक फिटल्यावर ती कुदळ घेऊन धारेपासून लांब वाळूत झिरा खणू लागली. वाळू ढासळायची. मग तिनं तुरकाट्यांची तट्टी विणून कडेनं रोवली, तळाला गोटे घातले. वाळूतून झिरपलेलं पाणी नितळ निघालं. बायांना तिनं बजावलं, झिऱ्यात पाय घालायचा नाही, पाणी काढून लांबच्या दगडावर धुवायचं, रिठ्याचं पाणी भोपळ्याच्या वेलांना सोडायचं, आणि तळ दिसला की पाणी भरेपर्यंत थांबायचं. बाया दुवा द्यायच्या. तिला दुवा नको होता. तिला पाटील हवा होता.

पुढच्या साली पाऊस ओढला. पाटलाची विहीर आटली, घरचं धुणं नदीवर आलं आणि त्यानं पुन्हा टाकलेल्या अंबाडीच्या पाण्यानं घरभर अंगाला खाज आणि फोड उठले. पाटलीण सारजाबाई गठुळं घेऊन बेटावर आली. गोजरबाईनं तिला पाणी दिलं, पोरांचे कपडे धुऊ दिले. पाटलाचं धोतर तेवढं बाजूला काढून हातात परत ठेवलं.

"ज्याचं त्यानं यावं," ती म्हणाली.

पाटलाशी वैर परवडायचं नाही, असं जोतीराम परोपरीनं सांगत होता. ती ऐकून घ्यायची आणि वाळू उपसायची.

शेवटी पाटील स्वतःचं धोतर घेऊन आला. बोटांच्या बेचक्यांत फोड आलेले.

"आदी भारे काढा," गोजरबाई म्हणाली.

"गडी पाठवतो."

"गडी न्हाय. तुमी."

अख्ख्या बेटासमोर तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. बुळबुळीत भारे हातातून निसटायचे, फेटा वाहून गेला. दिवस कलेपर्यंत तो ओढत होता. बाया पदराआड हसल्या. गोजरबाई हसली नाही. वर्षभर याच दिवसाची वाट पाहिली होती, तरी पोटातली आग तशीच होती. तिनं घागर त्याच्यापुढं ठेवली आणि दगड दाखवला. त्याला धोतर आपटताही येईना.

"झालं का समाधान?" खाली मान घालून त्यानं विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "माजी सोनी कुटं परत आली?"

पाटलानं पुन्हा नदीत अंबाडी टाकली नाही. पुरात झिरा दरसाल बुजायचा, पाणी उतरलं की बाया तो पुन्हा उपसायच्या. काही वर्षांनी पाटील वारला. बेटावरची माणसं माणुसकी म्हणून मयतीला होडीनं पलीकडं गेली. गोजरबाईनं त्या दिवशी नातवाचे सदरे धुतले, एकेक झटकून दोरीवर घातले आणि चूल पेटवली.