पूर्ण सहमत

मी भोरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा एक छापील फॉर्म आला. विविधता आणि जागतिक नागरिकत्व यांबद्दल विद्यार्थ्यांची मतं हवी होती. सर म्हणाले, "मोकळेपणानं लिहा, मार्कांशी काही संबंध नाही." तेव्हाच वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. संबंध नाही तर वर रोल नंबर कशाला?

मत आम्हाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. उत्तरं विचारली होती, आणि ती कुठून मिळवायची ते पाठ होतं. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीनं सगळीकडं 'पूर्ण सहमत'वर खूण केली. तिचा कागद बाकाबाकानं मागं सरकला आणि विविधतेबद्दल अख्ख्या वर्गाचं मत एक झालं.

'माझ्या गावात सर्वांना समान वागणूक मिळते.' इथंही मी डोळे झाकून खूण केली. शेजारी माझी मैत्रीण बसली होती. आम्ही एकाच गावच्या, मार्गासनीच्या फाट्यावरून रोज एकाच एसटीत चढायचो. तिची वस्ती तेवढी वेगळी, ओढ्यापलीकडची. तिनं ती ओळ कोरी सोडली. मला रागच आला. हिला उठून दिसायचंय की काय? स्टँडवर मी तिला विचारलंच.

"तुज्या घरी म्या दोनदा आले," ती म्हणाली. "दोनी येळंला च्या अंगणातच. अन् माजा कप म्याच इसळून ठिवला. मंग खोटं कसं लिवू?"

आईनं गोठ्याच्या कोनाड्यात एक कप वेगळा ठेवलाय, हे हिला कळलं नसेल असं मी धरून चालले होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त धसका बसला. ही सरांना सांगेल. वर्गात माझ्या घराची शोभा होईल. आठवडाभर मी तिच्यावर नजर ठेवून होते. ती कुणाशी बोलली तरी कान टवकारायचे.

मग एका तासाला सरांनी तिला उभं केलं. "सगळ्या वर्गाचं मन एवढं मोठं, तुझंच कोतं कसं?" वर्ग हसला. आता ही माझ्याकडं बोट करणार म्हणून मी मान खाली घातली.

"चुकून राहिलं, सर," ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही. सरांनी पेन पुढं केलं, आणि तिनं वाकून 'पूर्ण सहमत'वर खूण केली.