दिलावरभाईंचा रेशो

“रेशो! तुझा रेशो बघ मुडद्या, रेशो! शून्य पूर्णांक तीन! अरं, तुझ्यापरास गोचीड बरी, ती एका टायमाला एकाच म्हशीला डसती!”

शिवाजी पेठेतल्या बोळात दिलावरभाई एवढ्या जोरात ओरडले, की समोरच्या तालमीत जोर मारणारे दोन पैलवान अर्ध्यात तसेच लटकले आणि पंचगंगेच्या घाटावर धुणं बडवणाऱ्या बायकांनी मागं वळून बघितलं. घाट तिथून लांब आहे. पण आवाज पोचला, हे मी शपथेवर सांगतो. ओरडा मला होता. माझा गुन्हा एवढाच, की जुन्या तबकड्यांच्या एका साइटवरून मी गाण्यांचा गठ्ठा उतरवून घेतला आणि घेतल्या घेतल्या कॉम्प्युटरचं मशिन बंद करून माझ्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसलो. साइटवर मला त्यांनीच घेतलं होतं. तिथं कुणाच्या तरी ओळखीशिवाय कुत्रंही आत जात नाही.

दिलावरभाई अँप्लिफायर दुरुस्त करायचे. आता ते आजऱ्याला लेकीकडं असतात, दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकलीत. पण त्या काळात निम्म्या कोल्हापुरातल्या मंडळांचा आवाज त्यांच्या टेबलावरून उठून जायचा. दुकान एवढं चिंचोळं, की गिऱ्हाईक आत आलं की दिलावरभाईंना श्वास बाहेर जाऊन घ्यावा लागे. सोल्डरिंगच्या राळेचा वास, डोक्यावर लोंबणाऱ्या वायरी, आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, जो मी कधीही बंद बघितला नाही.

त्यांना माणसांची किळस यायची. सगळ्या नव्हे, नुसतं घेणाऱ्यांची. आली की ते मान वळवून “थू” म्हणायचे. थुंकी कधी पडायची नाही, पण समोरच्याला तोंड पुसावंसं वाटायचं. एकदा आम्ही मिसळ खायला बसलो होतो. शेजारच्या बाकड्यावर एक सुटाबुटातला गृहस्थ एकाच मिसळीवर कटाची नववी वाटी मागत होता. कपाळावरून घाम, मिश्यांवरून तेल, बोटं मनगटापर्यंत लाल. दिलावरभाई त्याच्याकडं मेलेल्या घुशीकडं बघावं तसं बघत होते. शेवटी म्हणालेच, “पावणं, मिसळ खाताय का कट डाउनलोड करताय? कायतरी सोडा की मागच्याला.” तो माणूस त्यानंतर सांगलीला बदली मागून गेला, असं मी ऐकलं. मीच सांगितलं होतं, पण ऐकलंही.

स्वतः मात्र हा माणूस देताना आंधळा होता. कुणी स्पीकर मागो, वायर मागो, जेवता जेवता भाकरी मागो, उचलून द्यायचे. “मागितलं की द्यायचं. कशाला पायजे इच्यारायचं न्हाय. इच्यारलं की देणं बाटलं.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एक लाख वेळा ऐकलं असेल.

त्या दिवशी ओरडून झाल्यावर त्यांनी मला स्टुलावर बसवून शिकवणी घेतली.

“ह्या साइटवर दुकानदार कोण न्हाय. माल सगळा आपापल्या घरात. ज्याच्याकडं हाय तो देतोय, नसंल तो घेतोय. साइट निस्ती लिवून ठेवती, कुणी किती घेतलं, किती दिलं. दिलेल्याला घेतलेल्यानं भागायचं, येतोय तो रेशो. एक जीबी घेतलास, एक जीबी दिलास, रेशो एक. म्हंजे तू माणूस. अर्ध्याच्या खाली गेलास, गोचीड.”

“आणि माझ्याकडं कुणी मागायलाच आलं नाही तर?”

“तर वाट बघायची. मशिन चालू ठिवायचं. पंगत बसायच्या आदी वाढप्यानं पळायचं असतंय व्हय?” मग बोट माझ्या छातीत रोवून म्हणाले, “आणि एक ध्यानात ठेव पंड्या. तुला मी आणलाय. तू घाण केलीस की साइटवाले तुझ्यासंगं मलाबी बाहेर काढत्यात. झाड कापताना फांदी बघत न्हाईत ते.”

त्यांचा स्वतःचा रेशो अकरा होता. म्हणजे घेतलं त्याच्या अकरा पट जगाला दिलेलं. पण त्याची त्यांना मिरवायची हौस नव्हती; त्यांना ते दिलेलं खर्चायचं होतं. त्या साइटवर एखादी तबकडी कुणाकडंच नसली, तर तिची मागणी लावता येते आणि बक्षीस म्हणून आपल्या नावावरचं दिलेलं त्यावर चढवता येतं. जो कुणी ती तबकडी आणून ठेवेल, त्याच्या खात्यात ते जातं. दिलावरभाईंची एकच मागणी होती, आठ वर्षं जुनी.

त्यांचे वडील, चाँदसाहेब, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्या बँडची एकच तबकडी निघाली होती. पहिल्या बाजूला अख्खा बँड, चौदा माणसं. दुसऱ्या बाजूला एकटे चाँदसाहेब. घरातली प्रत पुराच्या पाण्यात गेली. वडील त्याआधीच गेले होते. दिलावरभाई दर महिन्याला, जमेल तेवढं दिलेलं त्या मागणीवर चढवत राहिले. साइटवरचं सगळ्यात मोठं बक्षीस झालं होतं ते. म्हणायचे, “कुटं तरी, कुणाच्या तरी माळ्यावर असंल की. आपून देत ऱ्हायचं.”

आणि मी काय करत होतो? मी घेत होतो. नाट्यगीतं घेतली, भजनं घेतली, जी भाषा कळत नाही त्या भाषेतल्या अंगाया घेतल्या. एकही ऐकलं नाही. जुन्या म्हशीच्या कानामागं गोचीड फुगून द्राक्षाएवढी होते ना, तसा फुगत चाललो होतो. मशिन चालू ठेवायचं म्हटलं की मला विजेच्या बिलाची काळजी वाटायची. रेशो घसरला, साइटची ताकीद आली. वाट बघणं माझ्या रक्तात नाही. मग मी एक जुगाड शोधला. आपण किती दिलं, ते साइटला आपलंच मशिन सांगतं. त्या मशिनला खोटं बोलायला लावणारं एक सॉफ्टवेअर मिळतं. एक कणही कुणाला न देता “दिलं, दिलं” म्हणून ओरडणारं.

शहाण्या माणसानं थोडंसं खोटं घातलं असतं. पण थोडं खोटं मला आयुष्यात जमलेलं नाही. मी ज्या अंगाईला घेणारा एकही माणूस नव्हता, त्या अंगाईवर एका दुपारी चाळीस हजार जीबी दिल्याचं लावून टाकलं. अख्ख्या कोल्हापूरच्या तारा जोडल्या असत्या तरी एवढं गेलं नसतं. पंगतीला कुणी नाही आणि वाढप्याच्या शंभर बादल्या रिकाम्या! माझा रेशो नऊशेवर गेला. मी आनंदानं पेढे आणले.

पेढे घेऊन दिलावरभाईंच्या दुकानात शिरलो, तर ते कॉम्प्युटरपुढं उभे होते. बसायचंही भान नव्हतं.

“पंड्या, आली रे.” आवाज एवढा बारीक, की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. “आली. कुठल्या तरी लांबच्या देशातला माणूस हाय, नाव-गाव म्हाईत न्हाय. माळ्यावर सापडली म्हणतोय.”

त्या माणसाची लाइन मुंगीच्या चालीची असावी. पडद्यावरची हिरवी पट्टी इंचाइंचानं सरकत होती. पहिली बाजू पूर्ण उतरली होती, दुसरी चालू होती. दिलावरभाईंनी पहिली बाजू लावली नाही. “दोन्ही संगं ऐकणार. आदी अब्बांची.” मी पेढा पुढं केला. त्यांनी कशाचा म्हणून विचारलं नाही, नुसता हातात धरला.

दुसऱ्या बाजूचे सत्तर टक्के झाले. एकाहत्तर. मग पट्टी थांबली. थांबली ती थांबलीच. त्यांनी साइट उघडली, तर खातं उघडेना. बारीक अक्षरांत एक निरोप तेवढा होता. त्यांनी तो मला वाचायला लावला, कारण त्यांचा चष्मा माझ्याच दुकानात दुरुस्तीला होता. मी वाचला. वर माझं साइटवरचं नाव, खाली त्यांचं. खोटं दिल्याबद्दल एक खातं बंद. त्याला आणल्याबद्दल दुसरं बंद. साइट आम्हाला बंद झाली, की तो लांबचा माणूसही गेला. त्याला हाक मारायची जागा तीच होती.

मी डोळे मिटून घेतले. आता असा ओरडा येणार, की राधानगरीच्या धरणाचे दरवाजे आपोआप उघडतील. काहीच आलं नाही. “थू”सुद्धा नाही. डोळे उघडले, तर त्यांनी पेढा टेबलाच्या कडेला ठेवला होता आणि सोल्डरिंगची कांडी गरम करत होते.

त्यांनी साइटवाल्यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मी पंधरा दिवस त्या बोळातून गेलो नाही. चष्मा दुसऱ्याच्या हाती पाठवला. सोळाव्या दिवशी गेलो. माफी मागायला गेलो होतो, वाक्यं पाठ होती, रडायची जागासुद्धा ठरवली होती.

दिलावरभाई स्पीकरला कान लावून बसले होते. पहिली बाजू चालू होती; अर्धवट उतरलेली दुसरी वाजतच नव्हती. चौदा माणसांचा गलका: ढोल, तुताऱ्या, झांजा. मला बघून हातानं गप्प राहा म्हणाले. तीन मिनिटं गेली. मग म्हणाले, “ह्या गर्दीत अब्बा हायती. दोनदा वर येत्यात, परत बुडत्यात. शोधायला लागतंय.”

आणि माझ्या तोंडून माफी निघायची ती निघालीच नाही. सवयीचं तोंड ते, सवयीचंच बोललं. मी म्हणालो, “दिलावरभाई, मलाबी एक कॉपी द्या की.”

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हात पुढं केला.

“पेनड्राइव्ह आणलायस काय?”