ठमीच्या उंबरातला नर

पन्नाशी उलटली तरी ठमी झाडावर चढायची. कशेळ्याच्या बाजारात रानभाजी विकून आली की पदर खोचून ती ओढ्याकाठच्या उंबरावर. सून सुरेखा ओरडायची, नवरा शुक्रा कुरकुरायचा; ठमी कुणाचं ऐकेल तर शपथ. आख्ख्या ठाकरवाडीत तो उंबर तिच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता.

म्हणूनच, 'उंबरावर कोण चढतं?' असं विचारत हर्षला नावाची पुण्याची मुलगी बाजारात आली, तेव्हा सगळ्यांनी ठमीकडे बोट दाखवलं. हर्षला उंबराच्या फळांतल्या सूत्रकृमींचा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जंतांचा, अभ्यास करत होती.

"फळ फोडलं की चिलटं उडतात ना, मावशी? त्या चिलटांच्या अंगात बसून हे जंत एका फळातून दुसऱ्या फळात जातात."

"म्हंजे जंतालाबी जीप लागती म्हना की!" ठमी म्हणाली, आणि दोघींचं जमलं.

वर्षभर हर्षला दर रविवारी येत राहिली. ठमीच्या पडवीत सूक्ष्मदर्शक मांडायची, फळ चिरून पाण्यात टाकायची. त्यात तिला एक वेगळाच जंत सापडला. त्याचं तोंड माहितीतल्या कुठल्याच जातीशी जुळेना. पण मिळत होत्या त्या साऱ्या माद्या. नर बघितल्याशिवाय नवी जात म्हणून मांडणी पुरी होईना. नर चिलटाच्या अंगात शिरतच नाहीत, अर्ध्या वाढलेल्या फळात जन्मतात आणि तिथंच मरतात. आणि अर्धं वाढलेलं फळ कोणतं, ते बाहेरून ओळखू येईना. हर्षलानं शेकड्यानं फळं चिरली. एक कोवळं निघे, तर दुसऱ्यातून चिलटं उडून गेलेली असत.

पुढे ती तापानं आजारी पडली आणि तीन रविवार आलीच नाही. चौथ्या रविवारी आली ती चेहरा पाडून. "सर म्हणतात, हे काम आता सोड. पुरावा अर्धाच आहे."

 ठमी हाताला धरून तिला उंबराखाली घेऊन गेली. खोडावरच्या घोसांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या, काहींना लाल, काहींना हिरव्या.

"तू नव्हतीस तवा मी रोज बघत हुते. हितं चिलटं आत शिरली त्या दिवशी लाल बांधली. हिरव्यात मागनं चार दिसांनी शिरली. आता कुठलं फळ किती दिसांचं, ते मला इचार."

 हर्षलानं ठमीला तिथंच मिठी मारली. ठमी अवघडली. "सोड गं, लोकं बगतील."

लाल चिंधीची पहिली दोन फळं जास्तच वाढलेली निघाली, त्यांत काही नव्हतं. तिसरं फळ हिरव्या चिंधीचं चिरलं, आणि हर्षला भिंगाला डोळा लावून बसली. मग तिनं ठमीला पुढे ओढलं. उजेडाच्या वाटोळ्या तुकड्यात नराचं असतं तसं शेपूट वळवलेला एक जंत वळवळत होता.

"ह्यो? ह्याच्यापाय येवढं?" ठमी म्हणाली, पण डोळा काही लवकर काढेना. "नवा हाय म्हनतीस, पर उंबर तर माज्या सासऱ्याच्या आधीपासनं हाय."

"तो जुनाच आहे, मावशी. नवा आपल्याला."

पुण्यात त्याची मापं झाली, जनुकं तपासली गेली, दूरच्या जाणकारांनी शंका काढल्या. त्यात दीड वर्ष गेलं. मग हर्षला छापील लेख घेऊन आली. जातीच्या नावात ठमीचं नाव गुंफलं होतं. तिनं आधी फोनवर विचारलं होतं, तेव्हा ठमीला वाटलं होतं पोरगी थट्टा करते.

"जंताला बायकोचं नाव!" शुक्रा खो खो हसला. "आता तुला घाबरूनच राहायला हवं."

ठमीला वाचता येत नव्हतं. हर्षलानं तिचं बोट धरून त्या इंग्रजी अक्षरांवरून फिरवलं. ठमीनं ते पुन्हा एकदा, आपलं आपण फिरवलं. मग सुनेला हाक मारली, "सुरेखा, च्या टाक गं. आलं जास्त घाल, पोरगी लांबनं आलीया."