निर्जळ संकष्टी

अण्णांचं पाणी डॉक्टरांनी तोडलं, ही बातमी मला आखातातल्या रास अल खैमात कळली आणि तेव्हापासून देवावरचा माझा विश्वास डळमळला. अण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याच्या पोस्टात सगळा जन्म गेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, दर संकष्टीला उपास. अशा माणसाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी व्हावीत आणि घोटभर पाण्यासाठी त्याने बायकोपुढे हात पसरावेत? आई फोनवर सांगत होती, दिवसाला मोजून चार पेले, चहा-आमटीसुद्धा त्यातच धरायची. अगदीच घशाला कोरड पडली तर बर्फाचा खडा चघळायला देते म्हणाली. ते माठाकडे टक लावून पडलेले असतात, हे मात्र तिने मला सांगायला नको होतं. त्यानंतर नळाखाली पेला धरला की माझा हात आखडायचा.

मी तिथे बी.एड.चे सराव पाठ घ्यायला गेले होते. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ताई आणि दाजी तिथे राहायचे, दाजी सिमेंटच्या कारखान्यात अकाउंट्सला. ताईने तिथल्या एका भारतीय शाळेत शब्द टाकला, माझ्या कॉलेजनेही कुरकुरत परवानगी दिली, आणि मी खडू-डस्टर, तक्ते, इस्त्रीच्या सुती साड्या घेऊन परदेशी शिकवायला पोहोचले. रुबाब काही विचारू नका! पाचवीला पाण्याचे स्रोत शिकवत होते. पाणी कुठून येतं, असं विचारलं तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "फ्रॉम द टँकर, मिस." सगळा वर्ग हसला, मीही हसले. अण्णांचं दुखणं त्यानंतर आठवड्याभरात कळलं. परत येते म्हटलं तर त्यांनी आईच्या हातातून फोन घेतला आणि दम खात सांगितलं, पाठ पुरे केल्याशिवाय इकडे तोंड दाखवायचं नाही. त्यांचा आवाज इतका कोरडा झाला होता की मी बरं म्हणून फोन ठेवला.

मग आमचं ठरलं. परदेशी बोलणं परवडायचं नाही, म्हणून तेव्हा सगळीच घरं करायची तसं आईने रोज सकाळी एक रिंग देऊन फोन ठेवायचा. एक रिंग म्हणजे ठीक आहे. रिंग वाजत राहिली तर उचलायचा. रोज सकाळी शाळेत निघण्याआधी मी त्या फोनपाशी उभी राहायचे. एकदा वाजून तो गप्प झाला की माझा श्वास सुटायचा.

त्या महिन्यात संकष्टी शुक्रवारी आली, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी. रमजानही चालू होता. मी आदल्या दिवशीच गणपतीला सांगून टाकलं, अण्णांना पाणी नाही तर मलाही नाही. चंद्र दिसेपर्यंत थेंबही घेणार नाही, पण त्यांना बरं कर. माझा स्वभाव पहिल्यापासून हेकट, देवाशीसुद्धा मी हमरीतुमरीवरच यायचे. ताईला निर्जळीचं बोलले नाही, ती आकांडतांडव करती. संकष्टीचा तिच्या घरी तसाही विनोदच होता. भिंतीवर आपल्याकडचं कॅलेंडर, त्यात मुंबईची चंद्रोदयाची वेळ. आपल्या घड्याळापेक्षा तिथलं घड्याळ दीड तास मागे, म्हणून दाजी त्या वेळेतून सरळ दीड तास वजा करायचे आणि तासाभराने उगवणाऱ्या चंद्राचा पत्ता नसताना मोदक खाऊन मोकळे व्हायचे. चंद्र काय तुमच्या कारखान्यात हजेरी लावतो का, असं ताई त्यांना म्हणायची. दाजी म्हणायचे, हिशेब म्हणजे हिशेब, खलास.

शुक्रवारी सकाळी आईची एक रिंग आली. मी देवापुढे डोकं टेकलं. दिवसभर घरात बसले असते तर वेड लागलं असतं. शेजारच्या जुबेदाभाभी श्रीवर्धनकडच्या, आमच्याशी मराठीतच बोलायच्या. त्या डोंगरातल्या एका वस्तीवरच्या बायकांचे ईदचे कपडे शिवायच्या. ते पोचवायला नवऱ्याबरोबर पिकअपमधून निघाल्या होत्या. चल गो, तुझा जीव जरा रमेल, म्हणाल्या. गेले. त्या देशात पाऊल ठेवल्यापासून मला तिथली माणसं, त्यांची घरं बघायची हौस होतीच.

तो डोंगर मी विसरणार नाही. गवताची काडी नाही, जळलेल्या भाकरीच्या रंगाचे कडे आणि मधून कोरड्या नदीचं पात्र, नुसते गोटे. त्या गोट्यांत गाडीचं चाक रुतलं. वस्ती जवळच होती, म्हणून भाभींचा नवरा जुम्म्याची नमाज गाठायला आणि येताना माणसं आणायला पायी गेला. मार्चचंच ऊन, पण पाखरू दिसत नव्हतं. भाभी गाडीच्या सावलीत टेकल्या. मी म्हटलं, जरा पुढचं वळण बघून येते. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि त्या आठवड्यात तापही येऊन गेला होता. वळणापलीकडे दगडी भिंतींच्या जुन्या झोपड्या दिसल्या, बाहेर शेळ्या बांधलेल्या. तिथवर जावं म्हणून पाऊल उचललं, एवढंच आठवतं. मग गोटे अंगावर चालून आल्यासारखे झाले.

जाग आली तेव्हा डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं. वर एक म्हातारी वाकली होती. तोंडावर तिथल्या बायका लावतात तसा काळा मुखवटा, त्याखाली सालपटं निघालेले ओठ. ओलं गोणपाट गुंडाळलेला पाण्याचा कॅन तिने जवळ ओढला आणि पेला माझ्या तोंडाशी आणला. मी दात घट्ट मिटले. तिने पुन्हा लावला, मी मान फिरवली. पाणी हनुवटीवरून मानेवर ओघळलं आणि त्या गार स्पर्शाने माझ्या सगळ्या अंगात आग उठली. काय तहान लागली होती म्हणून सांगू! पण मला माठाकडे बघणारे अण्णा दिसत होते. मी प्यायले तर ते जातील, एवढंच डोक्यात घट्ट बसलं होतं.

मला शोधत भाभी धावत आल्या. त्यांना मी कसंबसं सांगितलं, माझी निर्जळी आहे, वडिलांसाठी नवस आहे, हिला सांगा सोड म्हणून. त्यांनी अरबीत म्हातारीला सांगितलं. तिचाही रोजा होता. हातात पाणी आणि स्वतःचे ओठ फुटलेले, अशी ती बसली होती. मग हळू आवाजात काहीतरी बोलली.

भाभींचे डोळे भरून आले. "ती विचारते गो, तुझा बाप आता इथं असता, तर त्यानं काय केलं असतं?"

अण्णांनी काय केलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी तापात मी औषध घेईना तेव्हा नाक दाबून पाजलं होतं त्यांनी. माझे दात आपोआप सुटले. रडत रडत मी तो पेला संपवला, मग दुसरा. म्हातारीने आपल्या ओढणीचं टोक ओलं करून माझ्या कपाळावर ठेवलं. तिचं नाव मी विचारलं नाही. निघताना मागे पाहिलं तर ती शेळ्यांकडे वळली होती.

तोवर वस्तीवरची माणसं येऊन चाक निघालं होतं. घरी पोचलो तेव्हा ताई फोनपाशी जमिनीवर बसलेली होती. दाजींनीच दार उघडलं आणि बाजूला झाले. दुपारी फोन वाजला होता आणि वाजतच राहिला होता.

अण्णा गेले होते. विमान मिळून पोचेपर्यंत त्यांना ठेवणं शक्य नव्हतं, संध्याकाळीच सगळं उरकलं. त्या दिवशी चंद्र उगवला की नाही, मी पाहिलं नाही. पुढचे काही दिवस मी कशी होते ते लिहायलाही लाज वाटते. त्या म्हातारीने माझा बाप खाल्ला, असं मी ताईला म्हणाले. बिचाऱ्या जुबेदाभाभी डबा घेऊन आल्या तर त्यांच्याकडे पाठ करून पडून राहिले. देव्हाऱ्यातल्या गणपतीला उचलून कपाटात ठेवलं. उरलेले पाठ दगडासारखे घेतले, अण्णांचा शब्द होता म्हणून.

साताऱ्याला परतल्यावर आई बऱ्याच दिवसांनी मोकळी झाली. माठ पालथा घातलेला होता, तिकडे बघत तिने सांगितलं. त्या दिवशी रिंग देऊन ती वळली आणि थोड्याच वेळात त्यांना धाप लागली. दुपारी डॉक्टर आले, बघितलं आणि तिला बाजूला घेऊन म्हणाले, आता मागतील ते द्या. अण्णांनी पाणी मागितलं. तिने माठातलं तांब्याभर आणलं, स्वतःच्या हाताने पाजलं. त्यांनी एक पेला घेतला, मग दुसरा.

"किती दिवसांनी पोटभर प्यायले गं," आई म्हणाली. "म्हणाले, आता कसं बरं वाटलं. पोरीलाही पाणी दे, म्हणाले. मी म्हटलं, ती कुठाय इथं? तर हसले, आणि डोळे मिटले."

मी आईला डोंगरातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्या वेळीही सांगू शकले नाही, नुसती तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले. तिने पेला भरून आणला तो मी घेतला. बाहेर दिवस मावळत होता.

जुबेदाभाभींना मी पत्र लिहून माफी मागितली. उत्तरात त्यांनी कळवलं, म्हातारीला तुझा निरोप पोचवू, इन्शाल्ला. पोचला की नाही कोण जाणे. गणपती पुन्हा देव्हाऱ्यात आला. संकष्टी मी अजून करते, पण पाणी पिऊन करते, आणि त्याच्याकडे काही मागत नाही. मागायचं ते तो आमच्याआधीच ऐकतो आणि आपल्या मनाने देतो, एवढं मला उमगलं आहे. त्याने अण्णांना ठेवलं नाही, याचं दुःख आहे, ते राहणारच. पण आम्हा दोघांनाही त्याने तहानलेलं ठेवलं नाही.

त्यांनी तो पेला किती वाजता घेतला, हे आईला विचारता आलं असतं. मी किती वाजता घेतला, ते भाभींना विचारता आलं असतं. मग दाजींसारखा दीड तास वजा करून बघायचा, एवढंच. इतक्या वर्षांत मी तो हिशेब केला नाही. त्याचा हिशेब त्याच्यापाशीच राहू दे.